क्लोरोप्लास्टच्या मेंब्रेनमध्ये प्रोटीन बसतं कसं: नव्याने शिकणाऱ्यांसाठी, एकेक पायरी

हा विषय पहिल्यांदा उघडला की समोर नावांचा नुसता ढीग येतो, टॉक, टिक, सेक, टॅट, एसआरपी, ॲल्ब३, आणि प्रत्येकाला शेपूट म्हणून एखादा आकडा, मग बरेच जण घाबरून ते सगळं पाठ करायला घेतात. पाठ करू नका, चार दिवसांत विसराल. माझं सरळ म्हणणं आहे की एका वेळी एकच प्रोटीन हातात धरायचं आणि त्याच्याबद्दल चार प्रश्न विचारायचे: ते बनलं कुठे, त्याला जायचंय कुठल्या मेंब्रेनमध्ये, वाटेत पाण्यातून जाताना त्याला सांभाळतं कोण, आणि शेवटी आत शिरायला ऊर्जा कुठली लागते. ही चार उत्तरं मिळाली की नावं आपोआप जागेवर बसतात. बीएससी-एमएससीला असाल किंवा नुकतेच एखाद्या लॅबमध्ये लागला असाल, तर खालच्या क्रमाने जा.

पायरी १: आधी नकाशा

क्लोरोप्लास्टला, म्हणजे पुस्तकातल्या हरितलवकाला, एक नाही तर तीन मेंब्रेन असतात. बाहेरची, तिला चिकटून आतली, आणि अगदी आत थायलॅकॉइडची. बाहेरची आणि आतली मिळून एन्व्हलप. या तिघींमुळे तीन पाणीदार जागा तयार होतात: एन्व्हलपच्या दोन मेंब्रेनमधली फट, मग स्ट्रोमा, आणि थायलॅकॉइडच्या पोटातलं ल्युमेन. एका कागदावर तीन रेघा आणि तीन जागा काढून ठेवा आणि ते चित्र शेवटपर्यंत समोर राहू द्या, कारण पुढचा निम्मा गोंधळ "स्ट्रोमाकडची बाजू कुठली आणि ल्युमेनकडची कुठली" याच्यावरच होतो.

आणि एक, थायलॅकॉइड ही साधी फॉस्फोलिपिडची मेंब्रेन नाही, तिच्यात मुख्यतः गॅलॅक्टोलिपिड असतात, त्यातही एमजीडीजी नावाचं गॅलॅक्टोलिपिड एकटं जवळपास निम्मं. त्यामुळे बॅक्टेरियाच्या किंवा ईआरच्या (पेशीतल्या एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलमच्या) मेंब्रेनवरचे नियम डोळे झाकून इथे लावता येत नाहीत.

पायरी २: प्रोटीन बनलं कुठे ते ठरवा

क्लोरोप्लास्टमध्ये साधारण ३००० प्रकारची प्रोटीन काम करतात असा अंदाज आहे, पण त्याच्या स्वतःच्या जीनोममध्ये जमिनीवरच्या झाडांत प्रोटीनचे जीन्स असतात जेमतेम ८०च्या आसपास. बाकी सगळं न्यूक्लियसच्या डीएनएवरून, सायटोसॉलमधल्या रायबोसोमवर बनून, बाहेरून आत येतं. हा फरक पहिल्यांदाच ठरवून टाका, कारण दोघांचे रस्ते वेगळे. बाहेरून येणारं प्रोटीन आधी पूर्ण बनतं आणि मग मेंब्रेन शोधत फिरतं, तर आतच बनणारं बऱ्याचदा रायबोसोमवर असतानाच मेंब्रेनमध्ये शिरायला लागतं. पहिल्या प्रकारचं ठळक उदाहरण एलएचसीपी, म्हणजे प्रकाश गोळा करणाऱ्या अँटेनाचं क्लोरोफिल धरणारं प्रोटीन, आणि दुसऱ्याचं डी१, फोटोसिस्टिम २चा गाभा. हे दोघं नीट समजले की बाकीच्यांची निम्मी गोष्ट कळली, म्हणून मी पुढे याच दोघांवर जास्त वेळ घालवणार आहे.

पायरी ३: सीक्वेन्स वाचा, पण टूलवर आंधळा विश्वास नको

युनिप्रॉट या प्रोटीनच्या डेटाबेसवरून सीक्वेन्स काढा. सुरुवातीला, म्हणजे एन-टोकाला, ट्रान्झिट पेप्टाइड, म्हणजे क्लोरोप्लास्टचा पत्ता सांगणारा तुकडा, आहे का बघा. हे साधारण ३० ते १०० अमिनो ॲसिडचं असतं, सेरीन-थ्रिओनीन भरपूर, ॲसिडिक रेसिड्यू फारच कमी, ठराविक सीक्वेन्स असा काही नाही. टार्गेटपी २.० हे टूल त्याचा अंदाज देतं आणि ल्युमेनकडे नेणारा दुसरा सिग्नल त्याच्या मागे जोडलेला आहे का तेही सांगतं. मग डीपटीएमएचएमएमसारख्या टूलमध्ये मेंब्रेनमधून जाणारे हेलिक्स मोजा. एक हेलिक्स साधारण २० अमिनो ॲसिडचा, कारण मेंब्रेनचा तेलकट गाभा सुमारे ३ नॅनोमीटर जाड आणि हेलिक्समध्ये एका अमिनो ॲसिडमागे ०.१५ नॅनोमीटर लांबी मिळते, हिशोब तुम्हीच करून बघा.

इथे दोन खड्डे आहेत. पहिला, ल्युमेनमध्ये जाणाऱ्या प्रोटीनचा सिग्नलही तेलकट असतो, तो नंतर कापून टाकला जातो, पण टूल कधीकधी त्यालाच मेंब्रेनचा हेलिक्स समजतं आणि ल्युमेनमध्ये मोकळं तरंगणारं प्रोटीन तुमच्या यादीत मेंब्रेन प्रोटीन म्हणून येऊन बसतं. म्हणून कापली जाणारी जागा आधी बघा, उरलेल्या भागावरच हेलिक्स मोजा. दुसरा खड्डा उलटा: बाहेरच्या मेंब्रेनच्या बहुतेक प्रोटीनना ट्रान्झिट पेप्टाइड नसतंच, त्यामुळे टार्गेटपी "क्लोरोप्लास्ट नाही" म्हणेल आणि तुम्ही ते सोडून द्याल.

पायरी ४: एन्व्हलप

बाहेरची मेंब्रेन आधी उरकून घेऊ. ओईपी७सारख्या प्रोटीनमध्ये एन-टोकाजवळचा एकच तेलकट हेलिक्स पत्त्याचंही काम करतो आणि खुंटीचंही, तर टॉक३४सारख्यांमध्ये तो शेपटाकडे असतो. ओईपी७सारख्यांना सायटोसॉलमध्ये एकेआर२ए नावाचं प्रोटीन झाकून घेऊन येतं, आणि त्याची मजा म्हणजे ते क्लोरोप्लास्टची मेंब्रेन ओळखतं तिच्या लिपिडवरून, एमजीडीजीवरून. टॉक७५सारखी बीटा-बॅरल, म्हणजे पिंपाच्या आकाराची, प्रोटीन ही वेगळीच जात, टॉक७५ला बाहेरच्या मेंब्रेनमध्ये राहूनही ट्रान्झिट पेप्टाइड असतं.

आत जाणाऱ्यांसाठी मुख्य दरवाजा म्हणजे बाहेर टॉक आणि आत टिक. टॉक१५९ आणि टॉक३४ ट्रान्झिट पेप्टाइड ओळखतात, दोघंही जीटीपी (एटीपीसारखाच ऊर्जेचा रेणू) वापरणारे, टॉक७५ हे भोक. टिककडे टिक२०, टिक११० वगैरे बरीच मंडळी आहेत आणि नेमकं भोक कोणाचं यावर संशोधकांचं अजून एकमत नाही, नवख्याने त्या वादात लगेच पडू नये. लक्षात ठेवायचं ते एवढंच की ओढून घ्यायला स्ट्रोमामधले चॅपरोन, म्हणजे इतर प्रोटीनना सांभाळणारी प्रोटीन, एटीपी जाळतात, आणि आत आल्यावर स्ट्रोमामधला प्रोसेसिंग पेप्टिडेज ट्रान्झिट पेप्टाइड कापतो.

आतल्या मेंब्रेनमध्ये राहणाऱ्यांचे दोन प्रकार दिसतात. काहींचा हेलिक्स टिकमधून जातानाच अडकतो आणि तिथूनच बाजूला मेंब्रेनमध्ये सरकतो, याला स्टॉप-ट्रान्सफर म्हणतात, एआरसी६ असं बसतं. काही मात्र आधी पूर्ण स्ट्रोमात येतात आणि मग मागे वळून आतल्या मेंब्रेनमध्ये शिरतात, टिक४० हे त्याचं नेहमीचं उदाहरण. शिवाय एन्व्हलपमध्ये सेकची एक दुसरी, वेगळी मशीन सापडली आहे, एससीवाय२ वगैरे, त्यामुळे पेपर वाचताना नुसतं "सेक" दिसलं तर कुठलं सेक, थायलॅकॉइडचं की एन्व्हलपचं, हे विचारायची सवय लावा.

पायरी ५: थायलॅकॉइडचे चार रस्ते

इथे खरा रस आहे. स्ट्रोमात पोचलेल्या प्रोटीनला थायलॅकॉइडमध्ये किंवा त्याच्या आरपार जायला चार रस्ते आहेत आणि ते वेगळे ओळखायची सगळ्यात सोपी खूण म्हणजे ऊर्जा. म्हणून मी रस्त्याच्या नावाआधी ऊर्जा शिकवतो.

एटीपी लागतं तो सेक. सेकए हे मोटर प्रोटीन सेकवाय-सेकई या भोकातून न घडी पडलेली साखळी सुईत दोरा ओवावा तशी ढकलतं. प्लास्टोसायनिन आणि फोटोसिस्टिम २च्या ऑक्सिजन सोडणाऱ्या भागातलं ३३ किलोडाल्टनचं ओई३३ याच वाटेने ल्युमेनमध्ये जातात.

प्रोटॉन ग्रेडियंट, म्हणजे मेंब्रेनच्या दोन बाजूंच्या प्रोटॉनमधला फरक, पुरतो तो टॅट. टीएचए४, एचसीएफ१०६ आणि टॅटसी हे तीन भाग, सिग्नलमध्ये बहुधा दोन आर्जिनीन शेजारी-शेजारी, आणि खासियत अशी की घडी पडलेलं अख्खं प्रोटीन पलीकडे जातं, ओई२३ आणि ओई१७ ही त्यातली. मेंब्रेन प्रोटीनही या वाटेने बसतं, सायटोक्रोम बी६एफ कॉम्प्लेक्समधलं रिस्के प्रोटीन घ्या, त्याचा एन-टोकाचा हेलिक्स कापला जात नाही, तोच खुंटी म्हणून राहतो आणि तिथे दोन आर्जिनीनऐवजी लायसीन-आर्जिनीन अशी जोडी असते, म्हणजे दोन आर्जिनीन शोधणारा प्रोग्राम याला हमखास चुकवणार. हा रस्ता आधी थायलॅकॉइडमध्ये सापडला आणि मग बॅक्टेरियात, एरवी या क्षेत्रात नेहमी उलटं होतं.

काहीच लागत नाही असा जो रस्ता, तो आपोआप शिरण्याचा. पीएसबीडब्ल्यू, पीएसबीएक्स आणि एटीपी सिंथेजचं सीएफओ-२ अशी छोटी प्रोटीन. सिग्नल बघाल तर सेकचाच वाटतो, पण सेकए काढून टाका, ग्रेडियंट मोडा, मेंब्रेनवर आधीच प्रोटीएज (प्रोटीन तोडणारं एन्झाइम) फिरवून तिथली मशिनरी खरवडून टाका, तरी हे शिरतातच. सिग्नलचा तेलकट भाग आणि प्रोटीनचा स्वतःचा तेलकट भाग मिळून लूप करतात आणि तो लूप मेंब्रेनमध्ये बुडतो, मग ल्युमेनच्या बाजूने सिग्नल कापला जातो.

आणि जीटीपी लागतं तो एसआरपी (सिग्नल रेकग्निशन पार्टिकल), एलएचसीपीचा रस्ता. एलएचसीपी हे झाडांमधलं सगळ्यात भरपूर मेंब्रेन प्रोटीन, तीन हेलिक्स, एन-टोक स्ट्रोमात, सी-टोक ल्युमेनमध्ये. अडचण अशी की तीन तेलकट हेलिक्स घेऊन हे प्रोटीन पाणीदार स्ट्रोमातून एकटं गेलं तर गुठळी होऊन बसेल. ईआरमध्ये एसआरपी ही अडचण येऊच देत नाही, साखळी रायबोसोममधून बाहेर येतानाच पकडते, पण इथे प्रोटीन तर बाहेर केव्हाच पूर्ण बनून आलंय, रायबोसोमचा संबंधच उरलेला नाही. म्हणून क्लोरोप्लास्टने एसआरपी बदलून घेतली. बी धरणाऱ्या झाडांमध्ये तिच्यातला आरएनए गायब झाला आणि सीपीएसआरपी४३ नावाचं एक नवं प्रोटीन आलं जे दुसरीकडे कुठेच सापडत नाही, ना बॅक्टेरियात ना ईआरमध्ये.

४३चं काम बारकाईने बघण्यासारखं आहे. त्याच्या अँकिरिन रिपीटच्या खोबणीत एलएचसीपीचा एल१८ हा तुकडा बसतो, दुसऱ्या आणि तिसऱ्या हेलिक्सच्या मधला १८ अमिनो ॲसिडचा. त्याचा क्रोमोडोमेन नावाचा भाग सीपीएसआरपी५४ला, म्हणजे या एसआरपीच्या दुसऱ्या प्रोटीनला, धरतो. शिवाय ४३ एकटं, एटीपी न जाळता, एलएचसीपीची झालेली गुठळी परत सोडवू शकतं, हे चॅपरोनमध्ये दुर्मिळ. आणि क्लोरोफिल बनवण्याच्या वाटेवरचं ग्लुटामिल-टीआरएनए रिडक्टेज हे एन्झाइमही ४३ सांभाळतं, म्हणजे क्लोरोफिलचं बनणं आणि त्याला धरणाऱ्या प्रोटीनचं बसणं दोन्हीकडे याचा हात.

पुढचा क्रम असा: टिकमधून बाहेर पडणाऱ्या एलएचसीपीला एलटीडी नावाचं प्रोटीन ४३-५४च्या जोडीकडे सोपवतं, तिघांचं ट्रान्झिट कॉम्प्लेक्स बनतं, मेंब्रेनपाशी एसआरपीचा रिसेप्टर सीपीएफटीएसवाय त्याला भेटतं, ५४ आणि एफटीएसवाय दोघंही जीटीपी बांधून एकमेकांना मिठी मारतात, ४३ हे ॲल्ब३च्या स्ट्रोमाकडच्या शेपटाला धरतं, एलएचसीपी ॲल्ब३च्या ताब्यात जातं, जीटीपी तुटतं आणि ५४-एफटीएसवाय सुटे होऊन पुढच्या फेरीला तयार. ॲल्ब३ हे प्रोटीनना मेंब्रेनमध्ये बसवणारं प्रोटीन, बॅक्टेरियाच्या वायआयडीसीचं आणि मायटोकॉन्ड्रियाच्या ऑक्सा१चं भाऊबंद. लक्षात घ्या, इथे जीटीपी साखळी ढकलायला नाही, योग्य ठिकाणी योग्य वेळी सोडायला वापरलं जातं, हा फरक परीक्षेतही विचारतात आणि तो कळला तर सेक आणि एसआरपी पुन्हा कधी गुंतणार नाहीत.

बसलं म्हणजे झालं असंही नाही. क्लोरोफिल-बी न बनवणाऱ्या बार्लीच्या म्युटंटमध्ये एलएचसीपीचा मोठा साठा टिकतच नाही, रंगद्रव्य मिळालं नाही की प्रोटीन तोडलं जातं.

पायरी ६: आतच बनणारं डी१

डी१ला पाच हेलिक्स, जीन पीएसबीए, क्लोरोप्लास्टच्याच जीनोममध्ये. उजेडात हे प्रोटीन सतत खराब होतं आणि बदलावं लागतं, त्यामुळे झाड त्याची नवी प्रत एकसारखी बनवत असतं. रायबोसोम थायलॅकॉइडला चिकटून बसतो, साखळी बाहेर येता-येता सीपीएसआरपी५४ तिला भेटतं, पण यावेळी ४३शिवाय, आणि मग सेकवाय आणि ॲल्ब३च्या मदतीने हेलिक्स एकेक करून बसतात. म्हणजे ५४ दोन पाळ्यांत काम करतं, एकदा ४३सोबत तयार प्रोटीनसाठी आणि एकदा रायबोसोमसोबत अर्धवट प्रोटीनसाठी. शेवटी सी-टोकाचा छोटा तुकडा ल्युमेनमध्ये कापला जातो, तो कापला गेला म्हणजे सी-टोक पलीकडे पोचलं याचा फुकटचा पुरावा.

पायरी ७: प्रयोगाने तपासणं

केनेथ क्लाइन यांनी १९८६ मध्ये फोडलेल्या क्लोरोप्लास्टमध्ये एलएचसीपी थायलॅकॉइडमध्ये बसवून दाखवलं, आजही मूळ पद्धत तीच. वाटाण्याची कोवळी रोपं घ्या, कापणीआधी अंधारात ठेवा कारण पानात स्टार्च साठला असेल तर सेंट्रिफ्यूजमध्ये त्याचे कण क्लोरोप्लास्ट फाडतात. परकॉलच्या ४० आणि ८० टक्क्यांच्या दोन थरांवर फिरवलं की अखंड क्लोरोप्लास्ट मधल्या सीमेवर थांबतात, फुटलेले वरच राहतात. सगळं बर्फात आणि ०.३३ मोलर सॉर्बिटॉलमध्ये. मग सॉर्बिटॉल नसलेल्या बफरमध्ये फोडा, सेंट्रिफ्यूज करा, खाली थायलॅकॉइड, वर स्ट्रोमा, दोन्ही ठेवा. वरचं पाणी फेकून द्यायची घाई करू नका, एसआरपी आणि सेकए त्यातच आहेत. क्लोरोफिल मोजून प्रत्येक नळीत सारखी मात्रा घाला, हे न केल्यास पुढची कुठलीही तुलना खोटी.

प्रोटीन टेस्ट ट्यूबमध्ये सल्फर-३५ लावलेल्या मेथिओनीनसह बनवा, गव्हाच्या जर्मच्या अर्कात (रेडिओॲक्टिव्हिटीचं ट्रेनिंग घेतल्याशिवाय हात लावू नका, हे सांगायला नको). थायलॅकॉइड, स्ट्रोमा, जीटीपी, एटीपी, प्रोटीन, २५ अंश सेल्सिअसला अर्धा तास. मग थर्मोलायसिन हे प्रोटीएज टाका. नीट बसलेलं एलएचसीपी बहुतेक वाचतं, फक्त स्ट्रोमाकडे डोकावणारं एन-टोक कापलं जातं, म्हणून जेलवर किंचित छोटी पट्टी दिसते. ती छोटी पट्टीच हवी. पूर्ण लांबीची पट्टी प्रोटीएजनंतरही दिसली तर खुश होऊ नका, आधी प्रोटीएज चाललं का ते तपासा.

कंट्रोलवर कंजूसपणा नको. मेंब्रेन न घातलेली एक नळी हवीच, कारण गुठळी झालेलं प्रोटीनही सेंट्रिफ्यूजमध्ये खाली बसतं आणि मेंब्रेनमध्ये गेल्यासारखं भासतं. अल्कलीने धुतल्यावर राहिलं तर ते नुसतं चिकटलेलं नाही एवढं कळतं, पण गुठळी तिथेही फसवू शकते, म्हणून धुणं आणि प्रोटीएज दोन्ही. डिटर्जंट घालून प्रोटीएज दिलेली नळीही ठेवा.

रस्ता ओळखायला एकेक गोष्ट काढून घ्या. स्ट्रोमा काढला तरी चालतंय आणि ग्रेडियंट मोडल्यावर थांबतंय, तर टॅट. स्ट्रोमा आणि एटीपी हवं, सोडियम ॲझाइडने थांबतंय, तर सेक. स्ट्रोमा आणि जीटीपी हवं, न तुटणारा जीटीपीचा नकली भाऊ घातल्यावर अडकतंय, तर एसआरपी. काहीच काढलं तरी फरक नाही, तर आपोआप. एक खाचखळगा मात्र सांगतो कारण यात बरेच जण फसतात: प्रोटीन बनवलेल्या अर्कासोबत एटीपी आणि जीटीपी दोन्ही नळीत येतात, त्यामुळे "मी घातलंच नाही" याला अर्थ नाही, आधी जेल फिल्ट्रेशनने ते काढा किंवा ते तोडणारं ॲपायरेज हे एन्झाइम वापरा. तसंच दिवा बंद केला म्हणजे ग्रेडियंट गेला असंही नाही, एटीपी सिंथेज उलटं फिरून प्रोटॉन आत ढकलू शकतं, म्हणून मेंब्रेनमधून आयन गळू देणारी निजेरिसिन आणि व्हॅलिनोमायसिन घालूनच ग्रेडियंट मोडा.

पायरी ८: झाडाला विचारा

टेस्ट ट्यूबमधलं उत्तर जिवंत झाडात टिकतं का, ते अरॅबिडॉप्सिसच्या म्युटंटमध्ये बघा. ४३ नसलेला केऑस म्युटंट फिकट हिरवा असतो पण जगतो, अँटेना कमी एवढंच. ५४ नसलेल्या एफएफसीची कोवळी पानं पिवळट, वाढताना सुधारतात. ॲल्ब३ नसेल तर रोप पांढरं पडतं आणि साखर घातलेल्या मीडियाशिवाय पुढे वाढत नाही, कारण ॲल्ब३वर एलएचसीपीच नाही तर डी१सारखी गाभ्याची प्रोटीनही अवलंबून आहेत. फिकटपणाच्या या चढत्या क्रमावरूनच कोण किती वरच्या चौकात उभं आहे ते दिसतं. क्लॅमिडोमोनास या शेवाळात ४३ बिघडवलं की अँटेना लहान होतो आणि दाट कल्चरमध्ये उजेड खोलवर पोचतो, म्हणून उत्पादनाच्या दृष्टीनेही लोक या म्युटंटकडे बघतात.

म्युटंट घेताना फक्त रंगावर जाऊ नका. क्लोरोफिल बनवण्यात बिघाड असला तरी पान फिकटच दिसणार, त्यामुळे इम्युनोब्लॉटवर एलएचसीपी, डी१, प्लास्टोसायनिन आणि ओई२३ चारही एकाच वेळी बघा. फक्त एलएचसीपी कमी असेल तर एसआरपीकडे शंका घ्या, प्लास्टोसायनिन स्ट्रोमात अर्धवट कापलेलं साठलं असेल तर सेककडे, ओई२३ तसं साठलं असेल तर टॅटकडे, आणि चारही कमी असतील तर आधी टॉक-टिक किंवा रोपाचीच तब्येत तपासा.